आधी टेक्निशियन, मग मशीन

माईकचा आवाज मागपर्यंत जाऊन राहिला ना? जे मागे उभे आहेत त्यांनी समोर या, खुर्च्या आहेत. बरं. आयोजकांनी विषय दिला तो 'विद्यापीठात नवी संशोधन प्रयोगशाळा उभारताना पहिल्या वर्षाचं नियोजन' असा आहे, त्याच्यावर मी येतोच, पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगायचीच आहे, फार वर्षं मनात घोळून राहिली आणि एवढे मास्तर लोक आणि रिसर्च करणारे पोट्टे-पोट्टी एका हॉलमध्ये रोज सापडत नाहीत. आपल्याकडे लॅब उभारायची म्हणजे मशीन विकत घ्यायचं, एवढंच आपण धरून चालतो. ग्रँट मंजूर झाली की पहिली मीटिंग कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल याच्यावर. ते मशीन रोज सकाळी चालू कोण करणार, बिघडलं तर उघडणार कोण, हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लॅबची पहिली नेमणूक टेक्निशियनची व्हावी, आणि मशीनची ऑर्डर त्याला शेजारी बसवून द्यावी.

आता मी पाहिलेलं सांगतो, डिपार्टमेंटचं नाव घेत नाही. तिथं नवीन एफटीआयआर आलं, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश टाकून पदार्थ ओळखायचं मशीन. केमिस्ट्रीवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो, इन्फ्रारेड प्रकाश काचेतून नीट जात नाही म्हणून त्या मशीनमध्ये खिडक्या आणि बीम स्प्लिटर, म्हणजे प्रकाशाचा झोत दोन भागांत वाटणारी चकती, बहुतेक वेळा पोटॅशियम ब्रोमाइडचे असतात. हा क्षार आहे, मिठाचाच भाऊबंद, हवेतली ओल खातो आणि धूसर होतो. म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या असतात, कोरड्या असल्या की निळ्या, ओल धरली की गुलाबी. गुलाबी झाल्या की काढायच्या, ओव्हनमध्ये एकशे दहा डिग्रीच्या आसपास रात्रभर ठेवायच्या, निळ्या झाल्या की परत आत. काम एवढंच आहे.

मे महिना आला, आपला नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या वर, एसी सारखा ट्रिप होऊन राहिला. मग कोणीतरी अगदी चांगल्या मनाने, मशीन तापू नये म्हणून, त्या खोलीच्या खिडकीत कूलर लावून दिला. वाळ्याची ताटी, पाण्याची टाकी, सगळं फर्स्ट क्लास. हसता काय, हात वर करा बरं, कोणाकोणाच्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये कूलर आहे? बघा! कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी घालूनच, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडला जे नको तेच आपण मोठा पंखा लावून त्याच्या अंगावर सोडतो. आणि जून-जुलैत तर बाहेरची हवाच ओली.

त्या डिपार्टमेंटात एक अटेंडंट होते, पन्नाशीचे असतील. मशीनवरची धूळ तेच पुसायचे. ह्युमिडिटी दाखवायची छोटी चकती असते ना, तिचा रंग बदललेला त्यांनी पाहिला आणि येऊन विचारलं, "सर, हे गुलाबी झालं, असंच राहू द्यायचं का?" उत्तर काय मिळालं, तर हात लावू नका, वॉरंटीत आहे, कंपनीचा इंजिनिअर येईल. इंजिनिअर आला तोपर्यंत सिग्नल पार खाली गेला होता. खिडक्या गेल्या, बीम स्प्लिटर गेला, वॉरंटीत ओलीचं नुकसान बसत नाही, आणि ग्रँट फक्त इक्विपमेंटच्या हेडखाली, रिपेअरचा हेडच नाही. मशीनवर कव्हर पडलं ते पडलंच. त्यावर अवलंबून असलेल्या दोन पोरींना पीएचडीची सॅम्पल्स बाहेर पैसे भरून करून घ्यावी लागली. मला त्या पैशापेक्षा जास्त वाईट याचं वाटतं की बघणारा डोळा त्या खोलीत रोज हजर होता, आणि त्याला मशीन शिकवणं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता याच्या उलट उदाहरण ऐका. हॉलंडमध्ये लायडनला कामर्लिंग ओनेस नावाचे प्रोफेसर होते. १८८२ मध्ये प्रोफेसर झाले, आणि १० जुलै १९०८ ला जगात पहिल्यांदा हेलियम द्रवरूप करून दाखवला, शून्याखाली २६९ डिग्री. मधली सव्वीस वर्षं या माणसाने काय केलं तर वर्कशॉप उभं केलं. काचकाम करणारे, पंप दुरुस्त करणारे, धातूकाम करणारे पोरं हाताखाली घेतले, शिकवले, १९०१ मध्ये त्यातून इन्स्ट्रुमेंट मेकर्सची शाळाच उभी राहिली, ती आजही चालू आहे. लंडनचे ड्युअर साहेब हायड्रोजन द्रवरूप करण्यापर्यंत आधी पोहोचले होते, १८९८ ला, पण हेलियमची शर्यत लायडनने जिंकली. त्यानंतर तीन वर्षांत, १९११ ला, त्याच लॅबमधून सुपरकंडक्टिव्हिटी निघाली, म्हणजे अतिथंडीत धातूचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो ते. खेरिट फ्लिम हे त्यांच्या टेक्निशियनचं नाव, लिहून घ्या, आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही.

आणि रामन साहेब! ते अकाउंट्स खात्यात होते तेव्हा १९१० च्या सुमारास आपल्या नागपुरात बदलीवर होते, हे पोट्ट्यांना माहीत असावं म्हणून सांगून राहिलो. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संशोधन संस्थेत त्यांच्यासोबत आशुतोष डे म्हणून सहायक होते, कॉलेजात न गेलेला माणूस, आणि त्यांच्या एकट्याच्या नावाने रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये पेपर आहे. आपल्याकडे हे झालेलं आहे हो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय भराभर.

अर्थिंग. आपली काळी माती, मे महिन्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, रेझिस्टन्स वाढतो. कॉन्ट्रॅक्टर पावसाळ्यात टेस्ट करून रिपोर्ट देतो आणि आपण सही करतो. सही मे मधल्या रीडिंगवर करा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर मशीन लावू देऊ नका.

फ्यूम हूड, म्हणजे केमिकलच्या वाफा बाहेर ओढून टाकणारं कपाट. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर लागतो. हूडचं तोंड दीड मीटर रुंद, अर्धा मीटर उघडं, आणि खोली सहा बाय पाच, उंची तीन मीटर, हिशोब करा, चार मिनिटांत खोलीभर हवा बाहेर. तेवढी हवा आत कुठून येणार हे नकाशात दाखवलेलं नसलं तर एसी कितीही टनाचा घ्या, खोली थंड होणार नाही.

खरेदी. जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या वेबसाइटवर, बिड टाकतानाच वॉरंटी इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यापासून धरा, डिलिव्हरीपासून नाही. खोलीचं काम रखडलं की खोकं व्हरांड्यात पडून राहतं आणि वॉरंटी तिकडे संपून राहते. पुढच्या पाच वर्षांच्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, रेट त्याच बिडमध्ये बांधून घ्या, नंतर मागितले तर कंपनी म्हणेल तो भाव. एफटीआयआर असेल तर झिंक सेलेनाइडची खिडकी मिळते का विचारा, खालची रेंज थोडी जाते पण ओल सहन करते.

आणि टेक्निशियन. पोस्ट निघत नाही हे मलाही माहीत आहे. पण प्रोजेक्टच्या मॅनपॉवरमध्ये सगळ्या जागा पीएचडीवाल्यांच्याच का? आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक नावाचा ट्रेड आहे, ही पोरं हिंगण्याला, बुटीबोरीला कारखान्यात लागतात, त्यातला एक आपल्याकडे आणा, तीन डिपार्टमेंटनी मिळून त्याचा पगार उचला, कंपनीच्या ट्रेनिंगला प्रोफेसरच्या सोबत त्याचंही तिकीट काढा, आणि मशीनच्या लॉगबुकवर त्याची सही चालेल असा कागद एचओडींनी काढावा. कागद नसला की त्याला कोणी विचारत नाही.

ज्यांचे प्रस्ताव या महिन्यात जाऊन राहिले त्यांनी चहाच्या वेळी मॅनपॉवरचं पान घेऊन या, मी इथंच आहे, सोबत बसून भरू.