किट कार करायचीय? आधी गाळ्याचं भाडं मोजा

नमस्कार मंडळी. माझ्या मागे हा लोखंडी पिंजरा दिसतोय ना, ती माझी गाडी. हसू नका, चार चाकं लागलीत तिला, इंजिन चालू होतं, पहिला आणि दुसरा गिअर पडतो. तिसऱ्याचं नंतर बोलू.

आधी ही वही बघा. गेल्या १९ महिन्यांत जे पैसे गेले ते सगळे इथे लिहिलेत. चौकोनी पाईप, ४,८०० रुपये. भंगारातली ओम्नी, ३२,०००. आणि ही खालची ओळ, जरा जवळून दाखवतो. गाळ्याच्या कोपऱ्याचं भाडं, महिना ६,००० प्रमाणे १९ महिने. १,१४,०००. अख्खा गाळा नाही हं. अंबरनाथ एमआयडीसीत ओळखीच्या माणसाचं फॅब्रिकेशनचं काम चालतं, त्याच्या गाळ्यातला एक कोपरा. म्हणजे गाडीपेक्षा गाडीच्या सावलीलाच जास्त पैसे लागले.

म्हणून आज मी जे सांगणार आहे ते सगळं फिरून एकाच गोष्टीवर येईल: महिने कसे वाचवायचे. मुंबईत महिना वाचला की पैसे वाचले.

ज्यांना किट कार म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. सुटे भाग आणून स्वतः जोडलेली गाडी. इंग्लंडमध्ये १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने सेव्हन नावाची छोटी, उघडी, जेमतेम पाचशे किलोची गाडी काढली. ती तयार घ्या किंवा सुट्या भागांत घ्या. सुटे भाग घेऊन घरी जोडली तर तिथला खरेदी कर वाचायचा. याचा एक किस्सा सांगतात. सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर सवलत जाणार होती, म्हणून यांनी गाडी *खोलायची* पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची! हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात ही कल्पना शिरली. १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला, ती करसवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. त्यांच्या सेव्हन अजून बनतात. पण पौंडातली किंमत, वर आयात शुल्क... बजेटवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये. आपण फ्रेम स्वतः जोडायची आणि बाकीचं सगळं एका जुन्या गाडीतून काढायचं. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात.

आता कायद्याचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढे पळवू नका.

ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. घोडबंदरला नाही, रात्री दोन वाजता पाम बीचला नाही, सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा नाही. इंग्लंडमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे नवीन गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. तो कारखानदारांचा मार्ग आहे, तिथे लागणारा खर्च तुमच्या-माझ्या खिशातला नाही. शिवाय २०२० च्या एप्रिलपासून नवीन नोंदणीला बीएस सहा, म्हणजे धुराचा कडक नियम, पाळावा लागतो. ओम्नीच्या कार्ब्युरेटरवाल्या ७९६ सीसीच्या इंजिनाने तिथे जाऊन काय सांगायचं?

मग लोक म्हणतात, ओम्नीचं आरसी बुक ठेवू, वरचं अंग बदलू. नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीत कंपनीचा जो मूळ तपशील असतो, त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ अ आलं. मालकाने बेकायदा बदल केला तर एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या गाडीत किती बदल आहेत ते मी मोजलेले नाहीत. मोजणारही नाही.

मग ही चालवायची कुठे? माझ्या मामाची कर्जतला जागा आहे. कुंपण आहे, गेट आहे. गाडी टेम्पोत चढून जाते, टेम्पोतून उतरते, आत फिरते, परत टेम्पोत. तुमच्याकडे मामा नसेल तर आधी मामा शोधा, पाईप नंतर घ्या. आणि तिथेही विम्याचं कवच नाही, हे घरी सांगून ठेवा.

अजून बघताय? छान. मग कामाला लागू.

डोनर एकच घ्या. मी काय केलं सांगतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगाराच्या दुकानांत इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उचललं. मारुती आठशेचं. गिअरबॉक्स दुसऱ्याकडून घेतला, ओम्नीचा. मनात हिशेब असा की दोन्हीकडे तेच ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बसेल. भाऊ-भाऊ आहेत ते, पण एकाच घरात राहत नाहीत. आठशेमध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसतं आणि शाफ्टने मागची चाकं फिरवतं. माउंटिंग वेगळं, ब्रॅकेट वेगळे. विकणाऱ्याने छातीठोकपणे ‘बैठ जायेगा साब’ सांगितलं होतं. तीन महिने गेले त्यात. तीन महिने म्हणजे किती? अठरा हजार.

नंतर अख्खी ओम्नी घेतली आणि एका रविवारी कोडं सुटलं. स्टीअरिंग, पेडल, मागचा ॲक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा, वायरिंग, सगळं एकमेकांना ओळखणारं. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे पार्ट गल्लोगल्ली मिळतात. एक युक्ती: इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्यातलं अंतर ओम्नीत होतं तेवढंच ठेवा. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागची चाकं फिरवणारा तो लांब दांडा, कापून परत बॅलन्स करायचा खर्च वाचतो. पुढच्या चाकावरचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब, मात्र उंच असतो. सेव्हनसारखं बसकं नाक हवं असेल तर त्याऐवजी विशबोन, म्हणजे चाक धरणारे आडवे त्रिकोणी हात, स्वतः करावे लागतील. मी बग्गीसारखं उंच नाक ठेवलं. दिसायला बोकडासारखं दिसतं, पण दोन महिने वाचले.

कागदाचं विसरू नका. चालती ओम्नी घेऊन परस्पर कापायची नाही. आरटीओत तिची नोंदणी रीतसर रद्द झाली पाहिजे, नाहीतर कागदावर ती जिवंत राहते आणि उद्या त्या नंबरवर काही झालं तर पोलीस तुमचं दार वाजवणार. नुसतं इंजिन घेतलंत तरी बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

वायरिंग काढताना कात्री लावू नका. अख्खा झुबका सोडवा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत लिहा. ‘डावा इंडिकेटर’, ‘पंखा’, ‘हे काय आहे देव जाणे’. माझ्याकडे तसे चार आहेत.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. गाळा भाड्याने घेण्याआधी घरात गाडी बनवा. खरंच. डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये टीव्ही सरकवून मी जमिनीवर खडूने फ्रेम आखली. पाटावर बसलो, पाठीला उशी. पायाशी तीन विटा: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. आणि आई समोर परात धरून उभी. परात म्हणजे स्टीअरिंग. ‘अजून वर धर गं.’ ‘अरे, कणीक मळायची आहे मला.’ परात खाली आली आणि क्लच दाबताना माझा डावा गुडघा तिच्यावर आपटला. टण्णकन. तो आवाज हॉलमध्ये झाला म्हणून फुकटात सुटलो. पाईप जोडल्यावर झाला असता तर अख्खी पेडलची चौकट ग्राइंडरने कापावी लागली असती. नंतर तिथेच कळलं की माझ्या बुटाची रुंदी मी मोजलीच नव्हती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच बुटाखाली येत होते. एक वीट सरकवायला दोन सेकंद लागतात.

ही मापं पक्की झाली की मग पाईप. [हातात तुकडा] ही २५ बाय २५, जाडी १.६ मिलिमीटर. मीटरला साधारण १.२ किलो. अशी चाळीस-पंचेचाळीस मीटर लागते, म्हणजे पन्नासेक किलो. मी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून घेतली. नट-बोल्टला नागदेवी स्ट्रीट, वायरिंगच्या किरकोळ सामानाला लोहार चाळ. डोक्यावरच्या कमानीला मात्र ही पाईप वापरायची नाही. तिथे जाड, सीमलेस म्हणजे बिनजोडाची गोल पाईप, आणि वाकवताना चेपली तर तो तुकडा भंगारात. गाडी उलटली तर हीच कमान डोक्याच्या आणि जमिनीच्या मध्ये असते.

गाळ्याची जमीन सपाट असते असं समजू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, आठ बाय चारच्या प्लायचे चारही कोपरे एका पातळीत आणा, आणि त्यावर फ्रेम आखा. आधी फक्त टाके मारा, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके. मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की वेल्डिंग, आणि तेसुद्धा एका बाजूने सरळ ओढत जायचं नाही. एक टाका इकडे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात. गरम लोखंड थंड होताना आपल्याकडे ओढतं. मी पहिल्यांदा घाईत डावी बाजू एका दमात संपवली. सकाळी कर्णांत अकरा मिलिमीटरचा फरक. गाळ्यातले वेल्डर मामा चहाचा घोट घेऊन एवढंच म्हणाले, ‘केळं झालंय.’

तुम्ही कॉलेजात असाल तर हे सगळं स्वतःच्या खिशातून शिकूच नका. विद्याविहारला के. जे. सोमय्याची ओरियन रेसिंग आहे, पवईला आयआयटी बॉम्बे रेसिंग आहे. मुलं दरवर्षी स्पर्धेची गाडी बांधतात. मला हे पस्तिशीत कळलं.

ब्रेकमध्ये भंगार नाही. मास्टर सिलिंडर नवा, होज नवे, पाईप नवे, चाकातले सिलिंडर नवे. माझे १९ महिन्यांतले सगळ्यात शांतपणे दिलेले पैसे ते. आणि लक्षात ठेवा, ओम्नीचे ब्रेक ओम्नीच्या वजनासाठी आहेत. पत्रा, दारं, काचा गेल्या की वजनाचा तोल बदलतो आणि कुठली चाकं आधी लॉक होतील ते बदलतं. कर्जतला मोकळ्या मैदानात वीसच्या वेगाने मी पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला. मागची चाकं लॉक, गाडी हळूच आडवी, मामाची म्हैस शांतपणे बघत उभी. आता मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह बसवतोय. तेच काम आज करायचं होतं, पण...

[मागून शटरचा आवाज]

आलो, आलो! सात वाजता हा गाळेवाला शटर ओढतो, मी आत असलो तरी ओढतो. तिसऱ्या गिअरचं पुढच्या रविवारी.