लेबल लावलेला डबा आणि न सांगितलेलं सोयाबीन

नमस्कार. जनुकीय बदल केलेलं म्हणजे जीएम अन्न तुम्ही विकत घ्याल का, असं सर्वेक्षणात विचारलं की पुष्कळ लोक थेट "नाही" म्हणतात. पण दुकानात हात कशाकडे जातो, हे सर्वेक्षणाच्या कागदावर दिसत नाही. म्हणून मी सुरुवात करतो ती १९९६च्या ब्रिटनपासून.

त्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्या दोन मोठ्या दुकान-साखळ्यांत टोमॅटो प्युरीचा एक डबा आला. पिकताना टोमॅटो मऊ पडतो त्याला एक विकर (एन्झाइम) कारणीभूत असतं. ते विकर तयार करणारं जनुक या वाणात जवळजवळ गप्प केलेलं होतं. त्यामुळे फळ घट्ट राहायचं आणि प्युरी दाट व्हायची. डब्यावर हे लपवलेलं नव्हतं. जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोपासून बनवलेली प्युरी, असं चक्क ठळक छापलं होतं. शेजारी साधी प्युरी होती. नव्या डब्यात त्याच किमतीत जास्त माल मिळत होता. लोकांनी तो वाचून, समजून विकत घेतला. काही काळ तर तो साध्या प्युरीपेक्षा जास्त खपला.

त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेतून तणनाशक सहन करणाऱ्या जीएम सोयाबीनचं पहिलं मोठं पीक युरोपात पोहोचलं. ते आलं साध्या सोयाबीनमध्ये मिसळून. वेगळं ठेवलं नाही, वेगळं सांगितलं नाही. सोयाबीनचं पीठ, तेल, लेसिथिन हे पदार्थ ब्रेड, बिस्किटं, चॉकलेट अशा कितीतरी गोष्टींत जातात. ग्राहकाला ते टाळायचं असेल, तरी वाट ठेवलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट विसरू नका. "गोमांस सुरक्षित आहे," असं अनेक वर्षं सांगणाऱ्या ब्रिटिश सरकारनं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कबूल केलं होतं, की गायींच्या मेंदूच्या रोगाचा माणसांतल्या जीवघेण्या आजाराशी संबंध असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कुणी "हेही सुरक्षितच आहे" म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल?

मग ऑगस्ट १९९८मध्ये आर्पाद पुस्ताई या शास्त्रज्ञानं टीव्हीवर सांगितलं, की जीएम बटाटे खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटली. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेनं त्या प्रयोगात गंभीर दोष दाखवले. पण तोवर वातावरण फिरलं होतं. १९९९मध्ये तो प्युरीचा डबाही फडताळावरून गेला. प्युरीत काहीच बदललं नव्हतं. बदलला होता तो सांगणाऱ्यावरचा विश्वास.

यावर काही जण म्हणतात, लोकांना विज्ञान कळत नाही, एवढंच. त्यात तथ्य आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीएम अन्नाला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांना आपण खूप जाणतो असं वाटत होतं, आणि चाचणीत त्यांचंच ज्ञान सर्वांत कमी निघालं. पण यावरून "शिकवा, म्हणजे घेतील" हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. प्युरी घेणारे काही जनुकशास्त्राचा वर्ग करून आले नव्हते.

मला जास्त बोलकं वाटतं ते अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. जुलै २०१६मध्ये तिथं जीएम अन्नावर लेबल सक्तीचं झालं. लेबल पाहून लोक घाबरतील, अशी उद्योगांची भीती होती. नंतर संशोधकांनी व्हरमाँटची उरलेल्या देशाशी तुलना केली, तर तिथला जीएम अन्नाला असलेला विरोध सुमारे १९ टक्क्यांनी घटलेला दिसला. स्वतः निवडता येतं म्हटल्यावर माणूस सैल होतो. मला तर हे अगदी स्वाभाविक वाटतं.

फायदा कुणाचा, हेही ग्राहक बघतो, आणि बघावंच. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून बनवलेलं इन्सुलिन १९८२पासून वापरात आहे. त्याविरुद्ध असा गदारोळ झाला नाही, कारण फायदा रुग्णाच्या हातात पडत होता. तणनाशक सहन करणाऱ्या सोयाबीनचा फायदा शेतकऱ्याला आणि बियाणं विकणाऱ्याला. खाणाऱ्याच्या ताटात त्यातलं काय आलं? टोमॅटोच्या डब्यात निदान जास्त माल तरी होता.

आता आजचा वाद. जीएम सोयाबीनचं शुद्ध केलेलं तेल घ्या. त्यात बदललेल्या जनुकाचा मागमूस सहसा सापडत नाही. सापडत नसेल तर लेबल नको, असं अमेरिकेनं २०१८मध्ये केलेल्या नियमात म्हटलं. युरोपीय संघ म्हणतो, तरीही लिहा. रसायनशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर अमेरिकेचं म्हणणं चूक नाही. तरी मी युरोपच्या बाजूनं आहे. बाटली हातात घेणारा माणूस फक्त "आत काय आहे" एवढंच विचारत नाही. हे कुठल्या पिकापासून आलं, कसं आलं, हेही त्याला हवं असतं. १९९६मध्ये सोयाबीन मिसळून पाठवलं, तेव्हा नेमकं हेच त्याला सांगितलं गेलं नव्हतं.