निंगालूच्या पाण्यावर दोघी

नमस्कार श्रोतेहो.

"तुला पोहता येतं ना? मग तिकीट काढ. गाडी मी चालवते." मैत्रिणीचा हा फोन आला तेव्हा तिची आखणी पूर्ण झालेली होती. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा धरून पर्थहून उत्तरेला एक्समाउथपर्यंत जायचं, साधारण साडेबाराशे किलोमीटर, आणि शेवटच्या टप्प्यात निंगालूच्या प्रवाळात स्नॉर्केलिंग करायचं, म्हणजे डोळ्यांवर मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचं पाहत पोहायचं.

मी तिला खरं ते सांगितलं. तलावात पोहते, समुद्रात कधी पोहले नाही, आणि तोंडात नळी धरून तर नाहीच. ती म्हणाली, "बरं झालं आत्ताच बोललीस." तिने लगेच बेत बदलला. एक्समाउथच्या आधी कोरल बेला दोन दिवस थांबायचं, उथळ पाण्यात सराव करायचा, मगच पुढे. श्रोतेहो, अशा प्रवासाचं बोलावणं आलं तर आपल्याला पोहायला किती येतं हे सोबत्याला आधीच सांगा. भिडेखातर गप्प राहू नका. पाण्यात उतरल्यावर दोघंच असता, आणि एकाला जे माहीत नाही त्याची किंमत दोघांना मोजावी लागते.

रस्त्याबद्दल फार सांगत नाही. तीन दिवस लागले, कारण सूर्य कलला की गाडी थांबवायची हा मैत्रिणीचा नियम होता. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, इमूही येतात. मागेपुढे रोड ट्रेन असतात, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले ट्रक. काही तर पन्नास मीटरहूनही लांब. मोबाइलला तासन्‌तास रेंज नसते, म्हणून पाणी आणि पेट्रोल जिथे मिळेल तिथे भरून घ्यायचं. कोरल बेच्या थोडं अलीकडे मकरवृत्ताची पाटी लागते. तिथे उतरून आम्ही पाय मोकळे केले, एवढंच.

आता पाण्याकडे येते. कोरल बेला पहिल्या सकाळी मी कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर उभी राहिले, मास्क लावला, नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. श्वासच घेता येईना. चेहरा पाण्यात गेला की श्वास रोखायचा, ही शरीराची जन्माची सवय. मैत्रीण शेजारी उभी राहून म्हणाली, "आत किती घेतेस ते सोड. बाहेर सावकाश सोड, मनात सहा मोज." सोडण्यावर लक्ष दिल्यावर घेणं आपोआप जमलं. त्या नळीत श्वासागणिक थोडी वापरलेली हवा उरतेच. उथळ, भराभर श्वास घेतला तर तीच हवा पुन्हा छातीत जाते आणि जीव घाबरा होतो. नळी आखूड असते तीही म्हणूनच. नळीत पाणी शिरलं तर जोरात एक फुंकर मारायची, पाणी वरून उडून जातं. मास्कच्या कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी झिरपतं. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची. एवढं हातात बसलं की निम्मी भीती जाते. उरलेली भीती पाण्याखाली पाहिल्यावर गेली.

निंगालूचं वैशिष्ट्य असं की ही प्रवाळभिंत किनाऱ्याला लागून आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफला, म्हणजे तिथल्या प्रवाळभिंतींना, जायचं तर बहुतेक ठिकाणी बोटीने दूर जावं लागतं. इथे वाळूवरून चालत पाण्यात उतरायचं, थोडं पोहायचं, की खाली प्रवाळ. 2011 साली हा किनारा जागतिक वारशाच्या यादीत गेला. कोबीच्या गड्ड्यासारखी पानं उलगडलेली प्रवाळाची शेतंच्या शेतं मी पाहिली. आणि ऐकलीसुद्धा! पाण्याखाली सतत कुरकुर आवाज येत होता. जवळच एक पोपटमासा दगड कुरतडत होता. त्याला हवं असतं दगडावरचं शेवाळ, पण सोबत चुनखडीही पोटात जाते. ती दळून बारीक वाळू होऊन बाहेर पडते. ज्या वाळूवर आम्ही टॉवेल पसरले होते, तिच्यातही अशा माशांचा हातभार असणार.

मात्र सगळीकडे असं नव्हतं. 2024 च्या अखेरीपासून 2025 पर्यंत या किनाऱ्यालगतचा समुद्र कित्येक महिने नेहमीपेक्षा गरम राहिला आणि निंगालूचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं, आणि प्राण्याची बहुतेक गरज त्यावरच भागते. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. पाणी फार तापलं की प्राणी हे शेवाळ बाहेर टाकतो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर वाचतो. आम्ही पोहोचलो तेव्हा काही जागी मेलेल्या फांद्यांवर तपकिरी बुरशीसारखा थर चढलेला होता. मैत्रिणीने हीच जागा पूर्वी पाहिलेली. ती पाण्यातून डोकं वर काढून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथे निळ्या फांद्या होत्या गं." मी तिचा हात धरला.

त्यानंतर मी पाय फार जपून हलवू लागले. भरीव गोल प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. फिन्सचा, म्हणजे पोहताना पायांत घालायच्या वल्ह्यांसारख्या पट्ट्यांचा, एक बेसावध फटका, किंवा दमल्यावर टेकवलेलं एक पाऊल, आणि कितीतरी वर्षांची वाढ मोडते. दमलात तर पाठीवर उताणे व्हा, पण उभे राहू नका. उन्हासाठी आम्ही पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, म्हणजे अंगाला क्रीम कमी लागलं आणि पाण्यातही कमी गेलं.

शेवटचा मुक्काम एक्समाउथ. तिथून केप रेंज राष्ट्रीय उद्यानातला टर्कॉइज बे तासाभराच्या अंतरावर आहे. उद्यानात पिण्याचं पाणी मिळत नाही, ते घेऊनच जावं लागतं. या उपसागरात पोहायची रीत निराळी. किनाऱ्याने दक्षिणेला चालत जायचं, पाण्यात उतरायचं आणि स्वस्थ पडायचं. प्रवाह तुम्हाला प्रवाळावरून उत्तरेला वाहून नेतो. पण वाळूचं टोक यायच्या आत किनाऱ्याला लागायचंच, कारण त्यापुढे प्रवाळभिंतीला खिंड आहे आणि पाणी तिच्यातून खुल्या समुद्राकडे ओढ घेतं. म्हणून तिथे खाली बघताना अधूनमधून डोकं वर काढून किनारा बघावा लागतो, आणि सोबती कुठे आहे तेही.

एक्समाउथहून व्हेल शार्क हा अवाढव्य मासा दाखवायला बोटी जातात. आम्ही गेलो नाही. खोल, मोकळ्या पाण्यात उतरण्याइतकी माझी तयारी झालेली नव्हती, आणि मैत्रिणीने एकदाही आग्रह केला नाही. याबद्दल मी तिची ऋणी आहे.

टर्कॉइज बेमध्ये मात्र आम्ही हाताच्या अंतरावर शेजारी शेजारी वाहत गेलो. न हलता पडून राहिलं की लपलेले मासे बाहेर येतात. एका मोठ्या शिंपल्यावर माझी सावली पडली तसा तो मिटला, सावली सरकल्यावर पुन्हा उघडला. वाळूचं टोक दिसू लागलं तसा मैत्रिणीने हात वर केला. आम्ही बाहेर आलो, फिन्स काढून हातात घेतल्या आणि तापलेल्या वाळूवरून पुन्हा दक्षिणेला चालू लागलो. त्या दिवशी असं चार वेळा गेलो.