श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात

नमस्कार श्रोतेहो.

पुढच्या आठवड्यात गटारी. आमच्या गावात त्या दिवशी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, आणि देशीच्या दुकानापुढं त्याहून मोठी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. घरात कांदा-लसूण शिजत नाही, तिथं बाटलीचं नाव कोण काढणार? बायका म्हणतात, वर्षातला हा एक महिना तेवढा सुखाचा जातो.

माझ्या दवाखान्यात मात्र श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा तरी माणूस येतोच. अंगावर चादर, कपडे घामानं भिजलेले, हात असे कापतात की पाण्याचा पेला धरवत नाही. सोबतचा भाऊ सांगतो, "थंडीताप आलाय डॉक्टर, मलेरियाचं रक्त बघा." थर्मामीटर लावावा तर ताप जेमतेम. नाडी मात्र १२०. मी विचारतो, "शेवटची कधी घेतली?" भावाला राग येतो. "अहो, सोडली त्यानं! श्रावण धरलाय." माणूस चांगला वागायला लागलाय आणि हे डॉक्टर जुनं उकरून काढतात, असं त्याला वाटतं. त्याचं चुकत नाही. पण हे कापरं आलंय तेच मुळी सोडल्यामुळं.

मी सत्तावीस वर्षं तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतोय. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, विंचू, मोटारसायकलवरून पडलेले, हे माझं काम. व्यसनांवर बोला असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला बोलवा. मग लक्षात आलं, दारू पिणारा माणूस तज्ज्ञाकडं जातो कुठं? तो माझ्याकडंच येतो. फक्त दारू घेऊन येत नाही. पित्त घेऊन येतो, झोप लागत नाही म्हणून येतो, बीपीच्या गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून येतो.

आधी त्या कापऱ्याबद्दल. रस्सीखेच आठवा. दारू मेंदूला शांत करते, गुंगीकडं ओढते. रोज ओढली गेली की मेंदूही उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. वर्षानुवर्षं दोन्हीकडून दोर ताणलेला. एके दिवशी अमावास्या संपली म्हणून समोरच्या गड्यानं दोर सोडला, की इकडचा गडी पाठीवर आपटतो. तसंच होतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, म्हणून तर सकाळी उठल्याउठल्या उतारा लागतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवस उलटले की काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस अंथरुणावरचं काहीतरी वेचत बसतो, जवळच्या माणसाला ओळखत नाही. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. शिकलो मात्र एका चुकीतून.

ऊसतोडीच्या टोळ्यांवर मुकादम असलेला माझा एक रोगी होता. नऊ वर्षं त्याच्या पित्ताला मी औषध देत होतो. तोंडाला वास यायचा, डोळे लाल असायचे. मी केसपेपरवर 'ॲसिडिटी' लिहायचो. एका पावसाळ्यात गाडी घसरली, खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात पाठवलं, सोबत चिठ्ठी दिली: बीपी आहे, शुगर नाही, कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या रात्री त्यानं सलाईन उपसून टाकलं, छतावर लाल मुंग्या दिसतात म्हणून ओरडायला लागला, बैलांना नावानं हाका मारायला लागला. घरच्यांनी ओळखलं, बाहेरचं झालंय. सकाळपर्यंत अंगारा आला. वॉर्डात त्याचे हात खाटेला बांधले. पहाटे रात्रपाळीच्या डॉक्टरचा मला फोन. पोरगाच होता, नुकता पास झालेला. "सर, हे पितात का?"

मी म्हटलं, "हो. रोज. क्वार्टर तरी."

पलीकडं जरा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "चिठ्ठीत नाही लिहिलंत."

का नव्हतं लिहिलं? कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि विचारणं वेगळं. घर प्रतिष्ठित, वडील माळकरी. विचारलं तर अपमान वाटेल, दुसऱ्या डॉक्टरकडं जाईल. बाहेर चाळीस रोगी खोळंबलेले. आणि खरं सांगायचं तर मनात कुठंतरी होतं की हा स्वभावाचा दोष, आपल्या खात्यातला नाही. शुगर असलेल्या माणसानं जिलेबी खाल्ली तर मी रागावतो, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तपासतो. पिणाऱ्याच्या बाबतीत एकदा रागावलो की काम संपलं, असं आम्ही समजतो.

त्या फोननंतर मी विचारायला लागलो. 'दारू पिता का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "नाही हो डॉक्टर." आता मी ओघात विचारतो. जेवण किती वाजता? चहा किती? तंबाखू कुठली, दिवसाला किती पुड्या? घेणं महिन्यातून कितीदा होतं, आणि बसलं की किती? नाडीवर बोटं ठेवूनच विचारतो. माणूस सांगतो. बायको बाहेर थांबली असेल तर जास्त खरं सांगतो.

बीअर घेणाऱ्यांचा हिशेब मात्र करून द्यावा लागतो. "मी दारू नाही घेत, फक्त बीअर." आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ. हे ऐकून चेहरा उतरलेले बरेच पाहिलेत.

पुढं चार प्रश्न आहेत, जगभर वापरतात. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी बोललं की राग येतो का? घेतल्याचं मनाला लागतं का? आणि सकाळी डोळा उघडला की लागते का? दोनांना हो आलं तर पुढं नीट बोलायचं. शेवटच्याला हो आलं, तर या माणसानं स्वतःच्या मनानं एकदम सोडायची नाही, हे त्याला तिथल्या तिथं सांगायचं.

विचारून आणि चार शब्द बोलून काय होणार, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. १९७९ साली लंडनमधल्या २८ जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या रोग्यांवर एक अभ्यास झाला. सिगरेट ओढणाऱ्यांना डॉक्टरनं एक-दोन मिनिटं सोडायचा सल्ला दिला, पत्रक दिलं, पुन्हा चौकशी करीन म्हणून सांगितलं. वर्षभरानंतर त्यांतले शंभरात पाच जण सोडून राहिले होते. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यात हजारात तीन. शंभरात पाच ऐकायला कमी वाटतं. पण दोन मिनिटांत एवढं काम करणारी गोळी माझ्या कपाटात नाही.

त्याहून जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये जास्त पिणाऱ्या, पण पुरते आहारी न गेलेल्या पुरुषांवर प्रयोग झाला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारी माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवी असलेलीही नव्हती. साधी शिकलेली, या कामापुरतं प्रशिक्षण दिलेली. रोग्याशी एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. वर्षानंतर तेच आकडे ५४ आणि ३२. याचा अर्थ सरळ आहे: हे काम माझा कंपाउंडरही शिकू शकतो. गावातली आशाताई तर माझ्यापेक्षा बरं करील, तिला घरातलं सगळं माहीत असतं.

करायला हवं, कारण दुसरं कुणी करत नाही. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली आलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता.

आता उपचार. ज्याला सकाळी लागते, त्याला मी कापरं आणि फिट टाळणाऱ्या पाच-सात दिवसांच्या गोळ्या देतो. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी. गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात, आणि रोग्यानं रोज दवाखान्यात तोंड दाखवायचं. पूर्वी फिट आलेली असेल, लिव्हर खराब असेल, वय जास्त असेल, तर घरी नाही, ॲडमिट. आणि बी-वन जीवनसत्त्व. माझ्या व्यवसायबंधूंना हे मुद्दाम सांगतो: पिणारा गळून पडला की आपण सवयीनं ग्लुकोजची बाटली लावतो. शरीरात बी-वन संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोजच्या आधी, निदान सोबत तरी, बी-वनचं इंजेक्शन द्या. फार स्वस्त आहे हो.

बायका एक प्रश्न हळू आवाजात विचारतात. "डॉक्टर, ती गोळी आमटीत घालू का? त्यांना कळणार नाही." ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की अंग लालबुंद होतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. माणसानं ठरवून, समजून घेतली तरच ती औषध. आमटीतून दिली तर विष. जाहिरातीतल्या 'न सांगता दारू सोडवा' पुड्यांतही कधी काय असतं सांगता येत नाही. तलफ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. ती लपवून द्यावी लागत नाहीत.

माळ घालणाऱ्यांना मी कधी हसलो नाही. माझ्या गोळ्यांना जमलं नाही ते पंढरीच्या माळेनं केलेलं मी पाहिलंय. फक्त एवढंच म्हणतो, सकाळी हात कापत असतील तर माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टरला भेटा. विठोबा काही रागवायचा नाही.

तंबाखूचं सांगितलं नाही तर बोलणं अर्धवट राहील. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत बिडी-सिगरेट ओढणारे शंभरात चारही नव्हते. पण तोंडानं तंबाखू घेणारे, म्हणजे मळून, मिश्री, मावा, गुटखा, चारांत जवळपास एक. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवाल्याला ते माहीत आहे, एवढंच म्हणतो. मिश्री लावणाऱ्या एका आजींना मी पंधरा वर्षं गुडघ्याचं औषध दिलं आणि तोंड कधी उघडून पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा गालात पांढरा चट्टा होता, पुढं ज्याचा कॅन्सर होऊ शकतो तसा. वेळेत सापडला, हे त्यांचं नशीब. आता मी सगळ्यांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतो. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय.

निकोटिनचं गम विडी ओढणाऱ्याला शिकवावं लागतं. तो चुइंगमसारखं चघळतो, मग उचकी लागते, मळमळतं, आणि दुसऱ्या दिवशी डबी परत. तंबाखू मळणाऱ्याला मात्र झटकन कळतं: थोडं चावायचं, चुणचुणलं की गालात धरून ठेवायचं. आपण तंबाखूला चुना लावतो तो उगाच नाही, क्षारानं निकोटिन गालातून लवकर शोषलं जातं. गममध्येही क्षार घातलेला असतो. चहा-कॉफी मात्र पंधरा मिनिटं आधी नको.

आणि झोपेच्या गोळ्या. हे व्यसन आम्हीच लावतो, आमच्याच अक्षरात. दहा दिवसांसाठी लिहिलेली अल्प्राझोलाम दहा वर्षं चालते, कारण मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहून देतो. तीही एकदम बंद करू नका, तिनंही फिट येते. हळूहळू उतरवायची.

ज्यांना घरी झेपत नाही त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा मोठा आधार होता. फोनवर बोलायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तंबाखूसाठी १८००-११-२३५६. पुन्हा सांगतो, दारूसाठी १४४४६.

मुकादमाचं राहिलं. तो वाचला. काठी घेऊन चालतो. त्याच्या केसपेपरवर आता 'ॲसिडिटी'च्या खाली दारूची वेगळी ओळ आहे, बीपीसारखी तारखांसकट. चार महिने सोडली, भाच्याच्या लग्नात घेतली. सात महिने सोडली, कारखान्याचा हप्ता बुडाला तेव्हा घेतली. आता अकरा महिने झालेत. परवा सोमवारी बीपी मोजायला आला होता. उठता उठता म्हणाला, "गटारीला पोरं घरी न्यायला येतात. काय करू?"

मी म्हटलं, इथं येऊन बसा. कंपाउंडर चहा करतो, दवाखाना साडेनऊपर्यंत उघडा असतो.

येतो म्हणालाय.

नमस्कार.