डब्यातली बिनानावाची गोळी

मंडळी, वाचनालयाच्या चिटणीसांनी मला ‘औषधांचा योग्य वापर’ असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत, म्हणून मी त्याचा एक लहानसा कोपरा घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून माझी २८ वर्षे गेली. त्या काळात औषधाच्या खिडकीपलीकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता, “भाऊ, हे गोयी कायची होय?” आणि तळहातावर असायची एक सुटी, पांढरी, गोल गोळी; कधी हळदीचा डाग पडलेली, कधी पिशवीच्या तळाशी राहून कडा झिजलेली.

माझे उत्तर बहुतेक वेळा ‘सांगता येत नाही’ असेच असे, आणि ते लोकांना आवडत नसे. आयुष्यभर गोळ्या मोजणाऱ्या माणसाला गोळी ओळखता येऊ नये, याचे त्यांना नवल वाटे. पण त्याचे कारण गोळीच्या घडणीतच आहे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनच्या गोळीत मूळ औषध ५ मिलिग्रॅम असते, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या जेमतेम चौथाईएवढे. तेवढे चिमटीतही धरता येणार नाही, म्हणून त्यात स्टार्च, सेल्युलोज, लॅक्टोज यांची भर घालून यंत्रात दाबतात. आपल्याला गोळी म्हणून जे दिसते ते बहुतांशी ही भर असते, आणि भर सगळ्यांची सारखीच पांढरी. त्यामुळे अॅलर्जीची सेट्रिझिन, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणि सूज उतरवणारी डेक्सामेथासोन या तीन गोळ्या शेजारी ठेवल्या, तर कोणती कुठली हे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

शहरात शिकणारी आपली मुले यावर मोबाइल पुढे करतात. गोळीचा फोटो काढला की नाव सांगणाऱ्या सोयी इंटरनेटवर आहेत हे खरे. मात्र त्यांतल्या बहुतेकांचा आधार अमेरिकेतला आहे. तिथे १९९५ पासून असा नियम लागू आहे, की गोळीच्या किंवा कॅप्सूलच्या अंगावरच अक्षरांची-आकड्यांची खूण असली पाहिजे, आणि ती खूण, रंग व आकार एकत्र पाहिले असता औषध आणि ते बनवणारी कंपनी कळली पाहिजे. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम वेष्टनावर काय छापायचे ते बारकाईने सांगतात, परंतु गोळीच्या अंगावर खूण असलीच पाहिजे असे सांगत नाहीत. काही कंपन्या स्वखुशीने खूण उमटवतात, बऱ्याच उमटवत नाहीत. आणि मधोमध जी रेघ दिसते ती गोळी अर्धी करण्यासाठी असते, तिच्यावरून नाव कळत नाही. तेव्हा आपल्या डब्यातल्या गोळीचा फोटो टाकला तर मोबाइल गप्प बसत नाही, तो दिसायला जवळची अशी परदेशातली कुठलीतरी गोळी दाखवतो. त्यापेक्षा तो गप्प बसला असता तर बरे झाले असते.

रंगावर विश्वास ठेवण्याची सवय तर घरोघरी आहे. ‘माही बीपीची गुलाबी, शुगरची मोठी पांढरी’ हे हिशेब म्हाताऱ्या माणसांना पाठ असतात. पण कंपनी बदलली की त्याच औषधाचा रंग बदलतो. सरकारी दवाखान्यात खरेदीची निविदा दुसऱ्याला गेली, की मागच्या महिन्यात गुलाबी असलेली गोळी या महिन्यात पांढरी होऊन येते. मग कोणी नवी गोळी ‘आपली नाही’ म्हणून बाजूला ठेवतो, तर कोणी जुनी आणि नवी दोन्ही घेतो.

याला काही अपवाद आहेत, आणि ते आपल्या भागात नेमके घरात सापडतात, म्हणून त्यांच्याजवळ थोडा थांबतो. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या सरकारी गोळ्यांना रंग मुद्दाम ठरवून दिलेले आहेत : ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीन मुलामुलींना निळी, गरोदर आणि स्तनदा मातांना लाल. यातली गंमत अशी, की निळ्या आणि लाल गोळीत औषध एकच आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. रंगाने फक्त ती कोणासाठी आली ते कळते. शाळेतून आलेली निळी गोळी दप्तराच्या कप्प्यात राहते आणि धाकट्या भावंडाला साखरेचा लेप असलेला तो निळा तुकडा चॉकलेटसारखा वाटतो. ‘ताकदीची गोळी आहे, काय होते’ असे त्यावर म्हणू नये. लहान मुलाने लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर तो विषबाधेचाच प्रकार असतो.

दुसरी आहे हत्तीरोगाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा रोग पिढ्यानपिढ्या आहे, आणि त्यासाठी घरोघर गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम येते. पूर्वी डीईसी आणि अल्बेंडाझोल अशी दोन औषधे असत. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून आपल्याकडे त्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे मिळाले. आशाताई ‘माझ्यासमोरच गिळा’ म्हणतात तो त्यांचा हट्ट नसतो, तसा नियमच आहे. तरी ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून गोळ्या दिवळीत जातात, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी त्या तापाच्या समजून पोराला देते. ही औषधे दोन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला द्यायची नसतात, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

गडचिरोलीकडे हिवतापाच्या गोळ्यांचेही असेच आहे. तिथे वयोगटाप्रमाणे पाकिटांचे रंग वेगळे असतात. गोळी पाकिटातून काढली की ती ओळख गेली. त्यातली प्रायमाक्विन एका प्रकारच्या हिवतापात १४ दिवस घ्यायची असते, पण ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी याच गोळीने फुटू शकतात आणि लघवी काळपट होते. डब्यातली गोळी शेजाऱ्याला देऊ नका असे जे सांगितले जाते ते एवढ्यासाठी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्याकडे गोळीचे नाव गोळीवर नसते, पाकिटावर असते; ते पाकीट फाडून गोळ्या डबीत भरणे म्हणजे सातबारा फाडून शेत ओळखायला जाण्यासारखे आहे. पाकिटाच्या मागच्या बाजूला जे बारीक छापलेले असते त्यात मूळ औषधाचे नाव, त्यापुढे भारतीय औषधकोशाची ‘आयपी’ ही अक्षरे, आणि मिलिग्रॅममधली मात्रा असते. २०१८ पासून एकच औषध असलेल्या गोळ्यांवर हे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठे छापावे लागते. उभी लाल पट्टी असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नव्हे. निवडक ३०० नावांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही आला आहे, पण आपल्या आठवडी बाजाराच्या गावात मिळणाऱ्या स्वस्त औषधांवर तो दिसेलच असे नाही. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बहुधा पाकिटाच्या एकाच टोकाला असते. दुकानदार चार गोळ्या कापून देताना ते टोक कोणाकडे जाते यावर लक्ष ठेवा. आणि घरी गोळी काढताना दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत तारीख शिल्लक राहील.

अशा तुकड्याने काय होते ते सांगतो. एक म्हातारी आई केंद्रात आली. सकाळी निंदणाला गेली की दहा-अकराच्या सुमारास घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तिची तक्रार होती. रक्तदाब ठीक होता. औषध काय घेता विचारले तर म्हणाली, “काईच नाई बाप्पा, गुडघ्याची एक बारीकशी घेतो, यायचीच होती.” म्हणजे वारलेल्या नवऱ्याची. त्याच्या डब्यात गुडघ्याचीही गोळी होती आणि साखरेचीही. तिने पदराच्या गाठीतून चकाकीचा नखाएवढा तुकडा काढला, त्यावर नावाचा शेवट तेवढा उरला होता, ‘…राइड’, आणि पुढे २ चा आकडा. दुखण्याच्या गोळ्यांत मला असा शेवट आठवेना, साखरेच्या गोळ्यांत लगेच आठवला : ग्लिमेपिराइड, २ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी साखर तपासली, ती उतरलेलीच होती. तिला मधुमेह नव्हता. सुटी गोळी पाहून मला यातले काहीही कळले नसते.

खासगी दवाखान्यांतून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देतात, त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी बारीक, सकाळ-संध्याकाळ. त्या अर्ध्या बारीक गोळीने दुखणे एका दिवसात पळते तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकते, कारण स्टिरॉइड असेच काम करते; आणि ते महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केले तर माणूस कोसळू शकतो. पुडीवर नावे लिहून मागा. मागणे हा उद्धटपणा नाही.

घरात सापडणारी प्रत्येक गोळी पोटात घेण्याची असते असेही नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून येणारी क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटर पाण्यात टाकायची असते, गिळायची नसते. कपाटातली डांबर गोळी मुलांना पेपरमिंटसारखी दिसते. जनावरांच्या जंतांच्या गोळ्या बोटाएवढ्या असतात आणि त्यांच्या पाकिटावर पशुवैद्यकीय वापराचा इशारा असतो. (उलटही घडते, बैल लंगडला की घरातली दुखण्याची गोळी त्याला चारतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे : ते औषध दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत असे.) सर्वांत जपून वागायचे ते धान्याच्या गोळीशी, जिला आपण सरसकट सल्फास म्हणतो. करडी-हिरवट, जाडजूड, लसणीसारख्या किंवा कार्बाइडसारख्या वासाची ही गोळी हवेतल्या ओलाव्यानेच फॉस्फिन हा विषारी वायू सोडते आणि त्यावर उतारा नाही. म्हणून कुठलीही अनोळखी गोळी नाकाशी नेऊ नका, जिभेवर तर मुळीच ठेवू नका. कोठीजवळ तसला वास आला तर पोरांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा आणि आपणही बाहेर या.

तर गोळी सापडली की तिच्याकडे पाहत बसण्यापेक्षा घराकडे पाहा. ती कुठे सापडली, त्या जागी कोण औषध ठेवतो, गेल्या वर्षभरात घरी कोणाला काय झाले, कोणती मोहीम येऊन गेली, पाहुणा कोण राहून गेला. दवाखान्याचे कार्ड, जुनी चिठ्ठी, दुकानाची पावती यांच्याशी ताडून पाहा आणि सगळे सोबत घेऊन केंद्रात या. नुसती गोळी आणू नका. मुलाने ती खाल्ली असेल तर ओळखण्यात वेळ घालवू नका, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि उरलेल्या गोळ्या, पाकीट, खाल्ल्याची वेळ सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांकही डॉक्टरांना उपयोगी पडतो.

ती म्हातारी आई पुढे दर महिन्याला येऊ लागली. तिने नवऱ्याचा डबा रिकामा केला आणि स्वतःच्या गोळ्या पाकिटासकट, कापलेल्या तुकड्यांना सेफ्टी पिन लावून आणू लागली. एकदा त्या डब्याच्या तळाशी चिकटलेली एक पिवळसर गोळी तिने माझ्यापुढे ठेवली. चिठ्ठ्या पाहिल्या, कार्ड पाहिले, तिच्या लेकाला फोन लावला. पाऊण तास गेला आणि ती गोळी कशाची हे आम्हा दोघांनाही कळले नाही. मी ती उकिरड्यावर टाकू दिली नाही, कारण उकिरड्याचे खत शेतात जाते आणि कोंबड्या तिथेच चरतात. केंद्रातल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत टाकली. ती म्हणाली, “महागाची असन तं?” मी म्हटले, असेल.