इंजिन नव्हे, बिऱ्हाड

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'तपासणी धुराची व्हावी की भागांची?' असा छापलाय. म्हणजे इंजिन बदललेल्या गाडीची प्रदूषण-तपासणी सायलेन्सरचा धूर मोजून करायची, की प्रदूषण रोखणारे सगळे भाग जागेवर आहेत का ते बघून. त्याकडे मी येणार आहे, काळजी नसावी. पण माझ्या गाडीची कथा सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. ज्यांनी ती आधी ऐकली आहे त्यांनी शेवट फोडू नये.

गाडी कार्बोरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय पेट्रोल-हवा मिसळण्याच्या जमान्यातली. पत्रा ठणठणीत, इंजिन मात्र थकलेलं. निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय, हे इथे कुणाला सांगायला नको. शहाण्या माणसाने बोअर करून नव्या रिंगा टाकल्या असत्या. मी एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन उचललं. दहा-बारा वर्षांनी नवं, इंजेक्शनवालं, संगणकासकट. वायरिंग आणलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा) आणला, त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही, धुरातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिजन सेन्सर आणले. गिअरबॉक्स जुनाच ठेवला, कारण बोल्ट जुळले. बोल्ट जुळले की आपली बुद्धी रजेवर जाते, हा माझा अनुभव आहे. हसताय ते सगळे यातून गेलेले दिसताय.

टाकीही जुनीच ठेवली. आत फक्त जास्त दाबाचा पंप टाकला. त्या ठोकलेल्या गाडीच्या टाकीवर पेट्रोलच्या वाफेचा दाब मोजणारा एक सेन्सर होता आणि बाजूला कोळशाचा डबा होता. त्या डब्यात टाकीतली वाफ साठते आणि इंजिन चालू असताना ती आत ओढून जाळली जाते. मला वाटलं, ही अडगळ कशाला? ठेवली तिथेच.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. गॅस मोजायच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घातली तर कार्बन मोनॉक्साइड जवळपास शून्य. जुन्या इंजिनाचा आकडा चार टक्क्यांच्या आसपास असायचा. फक्त चेक इंजिनचा दिवा जळत होता, टाकीचा सेन्सर नाही म्हणून. तर तपासणीच्या दिवशी सकाळी मी काय केलं असेल? बरोबर, बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला. छाती फुगवून तपासणीला गेलो.

तपासनिसाने नळी हातातसुद्धा घेतली नाही. डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडला आणि म्हणाला, "नापास." मी म्हटलं, "धूर तरी बघा." तो म्हणाला, "तुमचा संगणक म्हणतोय, मी अजून काहीच तपासलेलं नाही."

हे समजून घ्या, फार सुंदर आहे. संगणक स्वतःच्या अंगाच्या चाचण्या घेत असतो: कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची, वाफेच्या गळतीची. पुरी झालेली प्रत्येक चाचणी 'तयार' म्हणून नोंदली जाते. बॅटरी काढली की पाटी कोरी. माझ्यासारखे दिवा विझवून येणारे महाभाग पकडायलाच ही सोय आहे. मी म्हटलं ठीक, चार दिवस गाडी चालवतो.

मी तीन आठवडे चालवली. थंड इंजिनाने सुरू केली, एका वेगाने लांबवर नेली, टाकी अर्धी ठेवली. कारण टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असली तर वाफेची चाचणी सुरूच होत नाही. दुसऱ्यांदा गेलो. नापास. कन्व्हर्टरची चाचणीसुद्धा अपुरीच. घरातली मंडळी विचारायला लागली, हल्ली रोज रात्री एकटाच कुठे जातोस?

शेवटी एका रात्री स्कॅनर लावून गाडी चालवताना आकडे बघितले (मुलगा चालवत होता, मी बघत होतो, असं नोंदवून ठेवा). इंजिनाचे फेरे अडीच हजार, तापमान बरोबर, आणि वेग? शून्य! ताशी ऐंशी किलोमीटरने चाललेली गाडी संगणकाच्या मते जागची हललीच नव्हती. कारण माझा जुना गिअरबॉक्स! त्याला स्पीडोमीटरची फिरणारी केबल. नव्या इंजिनाचा संगणक वेगाचे विजेचे ठोके ऐकायला कान लावून बसलेला, आणि ते ठोके देणारा सेन्सर राहिला त्या ठोकलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सवर. कन्व्हर्टर तपासायचा तर संगणकाला ठरावीक वेगाने चाललेली गाडी लागते. बिचारा तीन आठवडे वाट बघत होता, हा माणूस गाडी कधी चालवणार म्हणून.

तेव्हापासून माझा हट्ट आहे, आणि तो ऐकवायलाच मी आलोय: इंजिन बदलायचं नसतं, बिऱ्हाड हलवायचं असतं. इंजिन आणलं तर गिअरबॉक्सचा सेन्सर आणा, टाकीवरचा आणा, कोळशाचा डबा आणा, इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटसुद्धा त्याचाच. चुकीच्या थर्मोस्टॅटने इंजिन गारच राहिलं तर संगणक पेट्रोल-हवेचं मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतो. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड, घरी वेल्डिंग करून बनवला आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे बारीक गळती राहिली, तर तिथून हवा शिरते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि तुम्ही शिव्या घालता इंजेक्टरला. आणि कन्व्हर्टर जागा आहे म्हणून पार मागे बसवू नका. त्याला काम सुरू करायला साधारण अडीचशे-तीनशे अंशांची धग लागते. मागे नेलात की तो...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'सात मिनिटे'. म्हणजे मूळ विषय राहिलाच की.

पण एक आडवळण घेतोच, ते विषयाचंच आहे. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात अननसाच्या वासातली द्रव्यं शोधत होता. 1950 च्या सुमारास तो लॉस एंजेलिसच्या हवेकडे वळला आणि त्याने दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. आता बघा, उभ्या गाडीच्या टाकीतून उडणारी वाफ म्हणजे न जळलेलं पेट्रोलच. ती सायलेन्सरमधून येतच नाही! माझी 'अडगळ' आठवली?

तर भराभर सांगतो. धूर स्वच्छ आहे ना, मग भाग कशाला मोजता, ही आपली जुनी तक्रार. मीही ती मोठ्या आवाजात केली आहे. पण इंजिन जागेवर रिकामं फिरवून घेतलेल्या मापात तीन गोष्टी सुटतात. एक, टाकीची वाफ. दोन, नायट्रोजनची ऑक्साइडं. ती भाराखाली, ज्वलनाचं तापमान चढलं की होतात, रिकाम्या इंजिनात नावापुरती. तीन, थंड सुरुवातीचा धूर. कन्व्हर्टर तापेपर्यंतची घाण, आणि चाचणी तर गरम इंजिनावर होते. म्हणून कॅलिफोर्नियात नियम असा आहे की नवं बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच प्रकारच्या वाहनाचं हवं, आणि त्याचं प्रदूषणाचं सगळं सामान बरोबर हवं. रेफरी म्हणून वेगळा तपासनीस असतो, तो बघून गाडीवर चिठ्ठी लावतो. 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना मात्र तिथे ही तपासणीच नाही. ब्रिटनची रीत वेगळी, तिथे नळीवर भर. कन्व्हर्टरच्या गाडीला जास्त फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, 0.97 ते 1.03. त्याआधीच्या काळातल्या गाड्यांना 3.5 किंवा 4.5 टक्केही चालतो.

माझं म्हणणं मधलं आहे. बदललेल्या इंजिनाची गाडी रोलरवर, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवा, भाराखाली मोजा, संगणकाला विचारा, टाकीला दाब देऊन गळती बघा. हे सगळं पास झालं, तर एखादी नळी मूळ आकृतीप्रमाणे वळली नाही म्हणून नापास करू नका. यावर कुणी म्हणेल, चाचणी फसवता येते. येते. 2015 मध्ये फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांचं बाहेर आलंच, चाचणी चालू आहे हे ओळखून रोलरवर साधू आणि रस्त्यावर भलतंच. पण तो संशय आला कुठून? मोजायचं यंत्र गाडीत घालून रस्त्यावर नेलं तेव्हा. नुसतं बोनेट उघडून ते कुणाला दिसलं नसतं. खरं तर यावरच मी तासभर बोलणार होतो.

चिठ्ठी परत आली. आता नुसतं 'वेळ' लिहिलंय.

हो, मागून विचारताहेत, गाडी पास झाली का? झाली, वेगाचा सेन्सर, टाकीवरचा सेन्सर आणि तो डबा बसवल्यावर, तिसऱ्या खेपेला. तपासनिसाने हातसुद्धा मिळवला. दिवा परवापासून पुन्हा लागलाय. टाकीचं झाकण सैल असेल, घरी जाऊन बघतो.