आधी रुपयांत भाव सांगा

(दृश्य: नागपूर, धरमपेठ, ट्रॅफिक पार्कबाहेरचा कट्टा. संध्याकाळ. एका मोबाइलवर वाकलेली चार डोकी.)

बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये स्पिन सुरू आहे, म्हणजे यूसी (पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) टाकून नशिबाचं चक्र फिरवणं. हवाय तो आपल्या खेळाडूच्या अंगावरचा चमकणारा सूट. पहिल्यांदा निघालं पॅराशूट, मग बंदुकीचा रंग, मग पुन्हा तेच पॅराशूट.

"किती गेले बे?"
"हजाराच्या वर यूसी गेले."
"मी रुपये विचारून राहिलो."
"रुपयाचा हिशेब कोण ठेवते, भाऊ!"

(दृश्य: स्क्रीन जवळून. फिरणारं चक्र, कोपऱ्यात यूसीचा आकडा.)

या सूटनं गोळी जोरात लागत नाही, धावण्याचा वेगही वाढत नाही. लॉबीत, म्हणजे सामन्याआधी सगळे जमतात तिथं, मित्रांनी "वा!" म्हणावं, एवढ्यासाठीच तो असतो, आणि त्यात वावगं काहीच नाही. गेम फुकट मिळतो. सर्व्हरचा खर्च, चित्रकारांचे पगार अशाच विक्रीतून निघतात. ज्याच्या खिशात दमडी नाही तो पोरगाही त्याच नकाशावर, तेवढ्याच ताकदीनं खेळतो. पैसे मोजून जिंकण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. त्यामुळे स्किन (अशी नुसती दिसण्यापुरती सजावट) महाग आहे, एवढ्याच तक्रारीत मला दम वाटत नाही. हौसेला मोल नसतं. पण घेणाऱ्याला ते मोल आधी कळलं तर पाहिजे!

एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या गेम कंपनीनं ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, पीसीवर जवळपास दोन डॉलरला. गेम विकत घेतलेलाच होता, वर हे वेगळे पैसे, म्हणून खेळाडू जाम भडकले. आज मागे वळून पाहिलं तर तो सौदा सरळ होता. दोन डॉलर द्या, चिलखत घ्या.

आता मधे गेमचं स्वतःचं चलन आलंय. व्हॅलरंट या नेमबाजीच्या गेममध्ये प्रीमियम दर्जाची बंदुकीची स्किन १,७७५ पॉइंटना मिळते. पण नेमके १,७७५ पॉइंट विकतच मिळत नाहीत. मोठा पॅक घ्यावा लागतो, थोडे पॉइंट उरतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढची खरेदी होते.

(दृश्य: सीताबर्डी, मिठाईचं दुकान. संत्रा बर्फीचा डबा हातात उलटा होतो.)

हा डबा बघा. वजन छापलंय, एमआरपी छापलीय, कारण कायद्यानं ते बंधनकारक आहे. "पैसे द्या, नशिबात असेल तर बर्फी निघेल, नाहीतर रिकामा खोका", असं बर्डीवर कुणी म्हणून तर बघावं! मोबाइलवर मात्र तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना रोज हेच विकलं जातं.

बाहेरच्या देशांनी यात हात घातलाय. कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं चीननं २०१७ पासून सक्तीचं केलं. बेल्जियमनं २०१८ मध्ये गेममधल्या, आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या, पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. मार्च २०२५ मध्ये युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी सांगितलं की गेममधल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दिसली पाहिजे आणि नको असलेले पॉइंट गळ्यात मारता कामा नयेत. नेमकं हेच आपल्याकडे हवंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसवणुकीच्या १३ युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. "फक्त दोनच तास उरले" अशी खोटी घाई करणं त्यातच येतं. आता खरेदीच्या बटणावर रुपयांतला आकडा आणि स्पिनखाली शक्यतेची टक्केवारी, दोन्ही ठळक अक्षरांत सक्तीचं व्हावं.

(दृश्य: घर. आईच्या हातात मोबाइल, प्ले स्टोअरच्या सेटिंग्ज उघडलेल्या.)

तोवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग आजच करून घ्या. पैसे गेलेच असतील तर पावती आणि त्या स्क्रीनचा फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.